मिदी कालव्यावर आठवडाभर बोट: सहा जणांसाठी कुठला टप्पा घ्यावा?

रायबंदर_घाट

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत दक्षिण फ्रान्समध्ये स्वतः चालवायची बोट भाड्याने घेऊन मिदी कालव्यातून सात रात्री फिरायचा बेत आहे. आम्ही सहा जण: दोन जोडपी, १२ वर्षांचा मुलगा आणि आई. आईचे गुडघे दुखतात, उंच पायऱ्या तिला जमत नाहीत. आमच्यापैकी कुणीही बोट चालवलेली नाही, फेरीबोटीत बसणं एवढाच अनुभव. नकाशावर कास्तेलनोदारी ते बेझिये हा सरळ टप्पा चांगला वाटतोय, एका टोकाला बोट घ्यायची आणि दुसऱ्या टोकाला सोडायची. एका आठवड्यात होईल ना? लायसन्स लागतं का? लॉकमधून (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणारे दारांचे हौद) बोट नेणं नवख्यांना जमतं का? आणि जेवणाखाणाचं, पाण्याचं काय करायचं? जितकं नेमकं सांगाल तितकं बरं.

---

खाजनकाठ

आधी तो टप्पा सोडून द्या. कास्तेलनोदारी ते बेझियेजवळचं फोन्सेरान हे अंतर १४२ किलोमीटर आहे. ऐकायला काहीच नाही, पण मध्ये लॉकचे सुमारे ५० हौद येतात. एका हौदाला रांग नसताना १५ मिनिटं धरा, म्हणजे साडेबारा तास नुसते लॉकमध्येच गेले. कालव्यावर वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे आणि वळणं, पूल, काठाला बांधलेल्या बोटी यांमुळे प्रत्यक्षात ६ च्या आसपासच पडते, म्हणजे आणखी २४ तास. वर लॉक सकाळी ९ च्या सुमारास उघडतात, दुपारी साडेबारा ते दीड जेवणासाठी बंद असतात आणि संध्याकाळी ७ च्या आत मिटतात. नेमक्या वेळा मोसमानुसार बदलतात. रात्री भाड्याची बोट चालवायला बंदी. सहा दिवस रोज सहा तास सुकाणू धरून दोर ओढायचे, आणि आई नुसती केबिनमध्ये बसून. ही सुट्टी नव्हे.

तुमच्यासाठी जागा आहे ती आर्जांसच्या लॉकपासून फोन्सेरानपर्यंतची. ५४ किलोमीटर, आणि त्यात एकही लॉक नाही. फ्रेंच लोक याला 'ग्रां बिएफ' म्हणतात. डोंगराच्या कुशीतून एकाच पातळीवर कालवा काढलेला असल्यामुळे तो साप गेल्यासारखा वळत जातो, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे. पिएर-पॉल रिके यांनी १६६६ ते १६८१ या काळात हा सगळा २४० किलोमीटरचा कालवा काढला आणि १९९६ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. पण त्यातलं कौशल्य डोळ्यांना दिसतं ते याच टप्प्यात.

बोट आर्जांस, ओंप्स किंवा ल सोमाय इथून घ्या. लोकाबोटचा तळ आर्जांसला, ले बोटचा ओंप्सला आणि निकोल्सचा ल सोमायला आहे. आर्जांसहून निघालात तर असं जमतं:

शनिवारी दुपारी ४ च्या सुमारास बोट ताब्यात मिळते. सामान लावणं, बोटीची माहिती घेणं यात संध्याकाळ होते. त्या दिवशी तळावरच झोपा, घाईने निघू नका. रविवारी ल सोमाय, साडेतेरा किलोमीटर. वाटेत पाराझाजवळ रेप्युद्र ओढ्यावरून कालवाच पुलावरून जातो. १६७६ चं बांधकाम आहे आणि बोट अक्षरशः पुलावरून चालते. तिथे रुंदी एकाच बोटीची आहे, समोरून कुणी येत नाही ना हे पाहूनच आत शिरा. सोमवारी कापेस्तांग, साडेबावीस किलोमीटर, चार तास. जातानाचा हा सगळ्यात लांब दिवस. मंगळवारी मालपासच्या बोगद्यातून कोलोंबिये, १२ किलोमीटर. बुधवारी बोट तिथेच ठेवा आणि सायकलने किंवा टॅक्सीने फोन्सेरानचा लॉकांचा जिना पाहून या. गुरुवार-शुक्रवारी परत.

जाऊन-येऊन ९६ किलोमीटर, इंजिन फार तर १६ तास चालेल. बोटीचं डिझेल बहुतेक ठिकाणी इंजिनाच्या तासांवर लावतात, त्यामुळे तिथेही पैसे वाचतात. भाडं ठरवताना डिझेल, सफाई, सायकली आणि नुकसानभरपाईची हमी हे चारही धरून आकडा विचारा. जाहिरातीतला आकडा बहुधा नुसत्या बोटीचा असतो.

मालपासला पाच मिनिटं थांबाच. १६५ मीटरचा बोगदा, १६७९-८० मधला. बोट जावी म्हणून डोंगर पोखरलेला जगातला पहिला. त्याच टेकडीच्या पोटातून खाली रेल्वेचा बोगदा जातो आणि त्याच्याही खाली मोंतादीच्या तळ्याचं पाणी वाहून नेणारा १३ व्या शतकातला नाला. वर आंसेऱ्यूनच्या टेकडीवर चढलात की ते आटवलेलं तळं दिसतं, चाकाच्या आऱ्यांसारखी शेतं मधल्या बिंदूकडे गेलेली. खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली) पाहत वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं: पाणी कुठून काढायचं हे आधी ठरलं आणि मग शेताचे तुकडे पडले.

लायसन्स लागत नाही. बोट देणारी कंपनी सुरुवातीला तोंडी माहिती आणि पाण्यावर सराव देऊन त्या भाड्यापुरतं कार्ड देते, ते बोटीतच ठेवायचं. सराव घाईने उरकू देऊ नका. धक्क्याला लावणं आणि उलटं घेणं हे दोन्ही त्यांच्या माणसासमोर दोन-दोनदा करून घ्या, आणि ज्या दोघांना चालवायचंय त्या दोघांनीही करा.

---

चोडण_फेरी

वरच्या मार्गाला माझं पूर्ण अनुमोदन. तरी लॉक समजून घ्या, कारण ओंप्सहून बोट घेतली तर ओंप्स, ओन्यों, पेशलोरिये आणि आर्जांस अशी चार ठिकाणं लागतात. मधली दोन दुहेरी, म्हणजे एकूण सहा हौद, आणि येताना तेच सहा उलटे. मुलाला लॉक पाहायचाच असेल तर एवढे पुरेत.

दार कसं चालतं ते गोव्यातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. खाजनाच्या मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं आठवा. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं आणि उघडतं. लॉकचं दार दोन फाळक्यांचं असतं, इंग्रजी व्ही सारखं, टोक वरच्या पाण्याकडे. वरचं पाणी जितकं जास्त तितकं ते घट्ट बसतं. दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय ते उघडत नाही, उघडताही येत नाही. दारातल्या झडपा मात्र स्वतंत्र असतात, त्यातून पाणी आत किंवा बाहेर सोडतात. मिदीवर हे काम लॉकवाला वीजेवर करतो. तुमचं काम फक्त दोर. आणि गडबड होते ती दोरावरच.

मिदीचे जुने लॉक लंबगोल आहेत. मातीच्या दाबाने सुरुवातीची एक सरळ भिंत कोसळल्यावर रिके यांनी भिंतींना कमानीसारखी बाहेर फुगवटी दिली. हौद साधारण ३० मीटर लांब, मध्ये ११ मीटर रुंद, दारापाशी साडेपाच. त्यामुळे बोट भिंतीला पूर्ण लांबीने टेकत नाही, फक्त एका जागी टेकते आणि पुढचं किंवा मागचं टोक फिरायला बघतं. म्हणून दोन दोर हवेतच, एक पुढे आणि एक मागे, आणि प्रत्येकावर एक मोठा माणूस.

उतरताना (आर्जांसकडे, समुद्राच्या दिशेने):

हौद भरलेला असतो, काठ बोटीच्या बरोबरीला. हळू आत जा, एक जण काठावर उतरतो, दोर बोलार्डला (काठावरच्या दोर अडकवायच्या खुंटाला) नुसता वळसा घालून मोकळं टोक परत बोटीतल्या माणसाच्या हातात देतो. गाठ मारायची नाही. बोटीवरच्या खुंटालाही नाही. पाणी उतरेल तसा दोर सैल सोडत जायचा. गाठ असली तर बोट दोरावर लटकते, एका बाजूला कलते, आणि मग तो दोर कापण्याशिवाय इलाज राहत नाही. दुसरा धोका मागचा. वरच्या दाराच्या पायथ्याशी दगडी उंबरा असतो, पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो. बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं तर पुढचं टोक खाली जातं. म्हणून मागच्या दारापासून निदान एक मीटर पुढे राहा आणि मागच्या दोरावरच्या माणसाने नजर तिथेच ठेवायची. काही चुकतंय असं वाटलं तर लगेच हात वर करून ओरडा, लॉकवाला झडप बंद करतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चढताना (परतीला):

हौद रिकामा, भिंती उंच, ओल्या आणि शेवाळाच्या. आत शिरल्यावर वर चढायला जागा मिळत नाही, म्हणून लॉकच्या आधीच्या थांब्यावर एकाला उतरवा. तो काठाने चालत वर जाऊन उभा राहतो. बोटीवरून दोर वर फेकायचा, तो वळसा घालून टोक खाली सोडतो. झडपा उघडल्या की पुढच्या दारातून पाणी उसळत येतं आणि बोटीला आधी मागे ढकलतं, मग पुढे ओढतं. पुढचा दोर घट्ट ठेवा, वर येईल तसा ओढून घ्या. हौदाच्या अगदी पुढे जाऊन थांबू नका.

हातापायांबद्दल कडक बोलतो. सहा माणसांच्या बोटीचं वजन आठ-दहा टनांपर्यंत जातं. ती भिंतीकडे सरकत असेल तर पाय लावून थांबवायचा नाही, मुलाला तर हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. भिंतीचा धक्का फेंडर (बोटीच्या कडेचे फुगे) खातात, त्यासाठीच ते लटकवलेले असतात. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, बोलार्ड आणि दोर यांच्यामध्ये हाताचं बोट ठेवायचं नाही. मुलाने लॉकमध्ये लाइफ जॅकेट घातलेलंच असावं, बुकिंगच्या वेळी त्याचं वजन कळवा म्हणजे त्याच्या मापाचं तयार ठेवतात.

सिग्नल: लाल म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकत्र म्हणजे तयारी चालली आहे, हिरवा म्हणजे या. दोन लाल म्हणजे लॉक बंद. १ मे ला सगळीकडेच बंद असतात, तारीख निवडताना लक्षात ठेवा.

---

रायबंदर_घाट

मनापासून आभार. आर्जांसहून निघायचं ठरलं. आता आईचं, स्वयंपाकाचं आणि व्हिसाचं सांगा. आईचा सोमवारी शाकाहार असतो, बाकी दिवस नुस्तं (मासे) लागतं.

---

पोदेर

बोट निवडताना छतावर सुकाणू असलेली टाळा, तिला जिना असतो. एकाच पातळीची, आत बसून चालवता येणारी बोट बघा, म्हणजे आई चालवणाऱ्याच्या शेजारी बसून सगळं पाहू शकते. बुकिंगआधी तीन गोष्टी लिहून विचारा: आत किती पायऱ्या उतरायच्या, आईचा पलंग खालचाच आणि दोन्ही बाजूंनी मोकळा आहे का, आणि काठावर उतरायला फळी मिळते का. काठ कच्चा आणि उतरता असतो, तिथे आईने उतरूच नये. बंदरात लाकडी धक्का असतो, रोज रात्री बंदरात राहा. ल सोमाय, कापेस्तांग, कोलोंबिये तिन्ही ठिकाणी सोय आहे.

पाणी. सहा माणसांना टाकी दोन दिवसांवर पुरत नाही. बंदरात पोचलात की आधी टाकी भरा, मग फिरायला जा. सगळ्या बोटी संध्याकाळी येतात आणि नळावर रांग लागते. अंघोळीचं पाणी खाली साठतं, ते बटण दाबून बाहेर काढावं लागतं, नाहीतर जमिनीवर येतं. संडासात कागदही बेताचाच टाका, ओले टिश्यू तर एकही नको. पाइप अरुंद असतो. तुंबला तर तळावरून माणूस येईपर्यंत दिवस जातो आणि पैसे तुमच्याकडून घेतात.

वीज. दिवसा इंजिन चालतं तेव्हा बॅटरी भरते. रात्री फ्रिज त्याच बॅटरीवर असतो. मिक्सर, राइस कुकर, इलेक्ट्रिक किटली हे बंदरातल्या वीजेच्या खांबाला जोडल्याशिवाय चालवू नका. वाटण घरी सुकं करून न्या किंवा बंदरात असतानाच वाटा. चूल गॅसची असते. तीन लिटरचा छोटा प्रेशर कुकर बरोबर न्या, बोटीत मिळत नाही.

काय न्यायचं, काय नाही. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दूध किंवा दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) घरी ठेवा, तूप आणि पेढेही. ताजी फळं-भाज्या प्रमाणपत्राशिवाय नाहीत, त्यात कढीपत्ता आला. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना सूट आहे. तांदूळ, डाळ, मसाले, तिरफळं, सोलं चालतात. सुकं खोबरं मात्र आपल्याकडच्या विमानतळावरच सामानातून काढतात. नारळाच्या दुधाचे डबे तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, ते घ्या.

मासे छोट्या गावांत रोज मिळतील असं समजू नका. ल सोमायहून नारबोन साधारण १५ किलोमीटर, टॅक्सीने जा. तिथलं झाकलेलं बाजारघर 'ले हाल' १९०१ चं आहे, रोज सकाळी भरतं, दुपारी आवरतं. सार्डिन म्हणजे आपले तारले, माकरो बांगड्याच्या जातीचा. 'मूल' म्हणजे शिनाणे (एक प्रकारचे शिंपले), आणि 'तो' नावाच्या सरोवरातली बुझिगची कालवं तर तिथली खासियत. बोटीत तळताना खिडक्या आणि वरचं झाकण उघडं ठेवा, वास गादीत बसला तर जात नाही. तळण्यापेक्षा हुमण (माशांची आमटी) करा.

आईच्या सोमवारी तुम्ही कापेस्तांगच्या वाटेवर असाल. भाजी रविवारी सकाळीच घ्या, रविवारी दुपारनंतर दुकानं बंद होतात आणि सोमवारीही बरीच उघडत नाहीत. हॉटेलात कासुले पांढऱ्या चवळीसारख्या बियांचं असतं म्हणून शाकाहारी समजून मागवू नका, त्यात डुक्कर आणि बदक असतं. पाव सकाळी आठच्या आत आणावा. पोदेर (पाववाला) दारात येत नाही, पण प्रत्येक गावात बेकरी आहे आणि सायकलने दहा मिनिटांत पाव घेऊन येता येतं. दोन सायकली घ्याच.

व्हिसा. शेंगेन, प्रौढांना ९० युरो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस. मे मध्ये जायचं तर फेब्रुवारीतच करा, उन्हाळ्याची गर्दी त्यानंतर सुरू होते. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचं बुकिंग जोडा, त्यावर सहाही जणांची नावं हवीत. नुसतं एकाचं नाव असलं की बाकीच्यांचे कागद अपुरे ठरतात. पॅरिसमधल्या आधी-नंतरच्या रात्रींचं हॉटेल वेगळं जोडा, एकही रात्र रिकामी दिसता कामा नये.

घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, आणि गोव्यात तो बऱ्याच घरांत असतो, तर त्याला व्हिसा नको. त्याची बायको किंवा नवरा भारतीय पासपोर्टवर त्याच्याबरोबर जात असेल तर व्हिसा लागतो, पण फी लागत नाही. लग्नाचा दाखला जोडा.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने नारबोन साधारण साडेचार तास. तिथून लेझिन्यां-कोर्बिएर, पुढे आर्जांसला टॅक्सी. सहा माणसं आणि सामान म्हटलं की मोठी गाडी लागते, ती आधी सांगून ठेवावी लागते. स्टेशनाबाहेर उभी मिळत नाही.

---

चोडण_फेरी

पोदेर यांनी सगळं सांगितलं, मी फक्त बोट हाताळण्यात नवख्यांचं कुठे बिनसतं तेवढं जोडतो.

बोटीला ब्रेक नाही. थांबायचं तर गिअर मधोमध आणायचा, मग थोडा उलटा. इंजिनाच्या पंख्याचं (प्रोपेलरचं) पाणी सुकाणूवर आदळतं तेव्हाच ती वळते. गिअर मध्ये असला तर चाक कितीही फिरवा, काही होत नाही, आणि उलट जाताना तर जवळजवळ वळतच नाही. चाक फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांनी बोट वळायला लागते. नवखा माणूस तेवढ्यात आणखी फिरवतो, मग ती जास्त वळते, मग तो उलट फिरवतो, आणि बोट या काठाहून त्या काठाला जाते. थोडं फिरवा, थांबा, बघा. वळते ती मधल्या बिंदूवर, म्हणून पुढचं टोक डावीकडे गेलं की मागचं उजवीकडे जातं. धक्क्यावरून निघताना मागचं टोक घासतं ते यामुळेच.

पुढच्या टोकाला आडवं ढकलणारा छोटा पंखा असेल तर तो तीन-चार सेकंदच दाबा. सतत दाबला तर तापून बंद पडतो, आणि नेमका वाऱ्यात बंद पडतो. तिथे वायव्येकडून जोराचं कोरडं वारं येतं, सेर्स म्हणतात त्याला. उंच बाजूच्या बोटीला ते शिडासारखं ढकलतं. असा दिवस आला तर बंदरातच राहा. एक दिवस हातचा ठेवला की हे जमतं. तुमच्या वेळापत्रकातला बुधवार त्यासाठीच मोकळा आहे.

कापेस्तांगचा कमानीचा पूल बुटका आहे. छत्री, टेबल, सायकली सगळं खाली घ्या, सगळ्यांना खाली बसवा, अगदी मधून हळू जा. पुलाच्या आधी हॉर्न द्या.

कालवा मध्ये साधारण दीड मीटर खोल, काठाला अर्धाही नाही. टेकलात तर इंजिनचा जोर पुढे लावू नका, माणसं दुसऱ्या बाजूला न्या आणि सावकाश उलटं घ्या. बांधलेल्या बोटींजवळून अगदी हळू जा, नाहीतर तुमच्या लाटेने त्यांच्या मेखा उपटतात. समोरून मोठी हॉटेल-बार्ज आली तर तिला मध्य द्या, उजवीकडे हळू चालत राहा, काठात घुसू नका. ती पुढून जाताना पाणी ओढून घेते, तुमची बोट तिच्याकडे सरकेल. घाबरून जोरात चाक फिरवलंत तर मागचं टोक तिच्यावर आपटतं.

झाडांना दोर बांधायचा नाही, कितीही सोयीचं दिसलं तरी. काठाचे प्लेन वृक्ष एका बुरशीने मरताहेत. २००६ मध्ये ती मिदीवर सापडली, मुळाला किंवा सालीला झालेल्या जखमेतून आत शिरते, आणि बाधित झाड तोडून जाळण्याशिवाय उपाय नाही. एकेकाळी ४२,००० झाडं होती. काही टप्पे आता उघडे दिसतील, तिथे नवी रोपं लावली आहेत. बोटीत मेखा आणि हातोडा देतात. मेख काठापासून जरा आत, तिरकी ठोका, दोर सायकलवाटेवरून आडवा जाऊ देऊ नका.

रोज सकाळी इंजिन सुरू केल्यावर मागे वाकून बघा, धुराच्या नळीतून पाणी उडतंय का. उडत नसेल तर लगेच बंद करा. थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत पानं आणि प्लेनचा कापूस अडकलेला असतो. झडप बंद करून गाळणी धुवायची, कशी ते पहिल्या दिवशी दाखवून घ्या. आणि दोराचं टोक कधीही पाण्यात लोंबकळू देऊ नका. पंख्यात गुंडाळलं तर बोट तिथेच थांबते.

शुक्रवारची रात्र तळापासून तासाभराच्या आत काढा, खरं तर तळावरच. शनिवारी सकाळी ९ च्या सुमारास बोट रिकामी करून द्यावी लागते. लेझिन्यांची टॅक्सी गुरुवारीच सांगून ठेवा, शनिवारी सकाळी सगळ्या बोटींची माणसं तिलाच बोलावत असतात.